कामाच्या हाकेवरची खोली

दादरच्या फुलबाजाराच्या आसपास रात्री शटरं पडली की फुटपाथवर बिऱ्हाडं मांडली जातात. रेलिंगला बांधलेलं बोचकं सुटतं, ताडपत्री अंथरली जाते, पोरं ओळीनं निजतात. आई दिव्याच्या खांबाखाली उरलेल्या मोगऱ्याचे गजरे ओवत बसते. पहाटेचा घाऊक बाजार भरायच्या आत हे सगळं गुंडाळायचं असतं. त्याआधी अतिक्रमणवाल्यांची गाडी आलीच, तर भांड्याकुंड्यांबरोबर रेशनकार्डही जातं.

फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे, ही तक्रार खोटी नाही. काठी टेकत जाणाऱ्या म्हाताऱ्याला भर रस्त्यात उतरावं लागतं, तेव्हा तोही नाडलाच जातो. 1981 साली अंतुले सरकारनं फुटपाथवरच्या लोकांना ऐन पावसाळ्यात शहराबाहेर घालवायला घेतलं, आणि पत्रकार ऑल्गा टेलिस न्यायालयात गेल्या. 1985च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं दोन गोष्टी सांगितल्या: पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे; मात्र फुटपाथ अडवून राहण्याचा हक्क कुणाला नाही. दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचा अर्धा निकाल उचलला. माणसं कामाजवळ राहतात ती नाइलाजानं, हे त्या निकालातलं निरीक्षण दोघांनीही सोडून दिलं.

गाव सुटण्याची कारणं अनेक असतात. जमीन नाही, दुष्काळ, नवऱ्याची मारहाण, मानसिक आजार, किंवा पारध्यांसारखा पिढ्यान्‌पिढ्यांचा चोरीचा शिक्का. पण गाव सुटलेला प्रत्येक जण फुटपाथवर येत नाही. रोजंदारीत परवडेल अशी भाड्याची जागा ज्याला मिळत नाही, तो येतो. एकेकाळी गिरणगावातल्या एकाच खोलीत पाळीपाळीनं झोपून माणसं दिवस काढत. ती सोय वाईट होती, पण डोक्यावर छप्पर होतं. 2011च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 57 हजार बेघर मोजले गेले, आणि रिकामी घरं 4 लाख 80 हजारांच्या आसपास! घरमालकांना केवळ लोभी ठरवून मात्र चालणार नाही. 1947च्या भाडेकायद्यानं भाडी गोठली, चाळींची दुरुस्ती थांबली, आणि भाडेकरू एकदा आला की निघत नाही ही भीती बसली.

रात्रनिवारे हवेतच. लाखभर वस्तीमागे एक, या मापानं मुंबईला सव्वाशेच्या घरात लागतील. एकट्या बाईला, आजाऱ्याला त्यांची आज रात्रीच गरज आहे. पण बाप एका निवाऱ्यात आणि आई-पोरं दुसऱ्यात, असा संसार किती दिवस चालेल?

मालकीचं फुकट घर हा उपाय ऐकायला मोठा वाटतो. तिथे आधी अमुक तारखेपूर्वीचा पुरावा लागतो, आणि पुरावा तर अतिक्रमणवाल्यांच्या गाडीतून गेलेला असतो. पात्र ठरलाच, तर घर मिळतं माहुलसारख्या ठिकाणी, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या सावलीत. 2019 साली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिथे सक्तीनं कुणाला धाडू नका, त्याऐवजी भाड्यापोटी महिना 15 हजार द्या.

म्हणून आमचा कौल भाड्याच्या खोल्यांना आहे. त्या सार्वजनिक जमिनीवर, बाजारांच्या आणि स्टेशनांच्या जवळ हव्यात. भाडं आठवड्याला घ्यावं, कारण कमाई रोजची असते. अनामत रक्कम मागू नये. यातली अडचण आम्ही नाकारत नाही: एमएमआरडीएनं 2008 साली 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली, आणि पुढे ती घरं भाड्याची उरलीच नाहीत. तेव्हा या खोल्या कधीही विकता येणार नाहीत, अशी अट कायद्यातच घालावी लागेल. दादरची जमीन महाग आहे, हेही खरं. पण गजरे ओवणाऱ्या बाईला लोकलनं दीड तासावर घर दिलं, तर पहाटेचा बाजार गाठायला तिला आदल्या रात्रीच निघावं लागेल, आणि ती त्याच रेलिंगपाशी येऊन झोपेल.