एका सुटीत एकच मुक्काम

मे महिना जवळ आला की मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा सुरू होते, "हिमेलफार्टला कोण कुठे?" हा सण दर वर्षी गुरुवारीच येतो. शुक्रवारच्या ब्रुकेनटागची रजा टाकली की सलग चार दिवस मोकळे. मग त्या चार दिवसांत काय काय बसवता येईल याची चढाओढ लागते. सगळ्यांत आवडता बेत म्हणजे प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि परत म्युनिक. तीन देश, तीन राजधान्या, गाडी घरचीच.

हा बेत एकदा नकाशावर मांडून पाहा. जाऊन-येऊन अंतर होतं सोळाशे किलोमीटरच्या वर. ताशी १०० चा वेग सतत मिळाला, तरी सोळा तास गाडीतच. इथल्या कायद्याप्रमाणे मूल १२ वर्षांचं किंवा १५० सेंटीमीटर उंच होईपर्यंत त्याला चाइल्ड सीट सक्तीची. म्हणजे तीन वर्षांचं पोर चार दिवसांच्या सुटीत आपल्या ऑफिसच्या दोन दिवसांइतका वेळ पट्ट्यांत जखडून बसणार. उरलेल्या वेळात ते बग्गीत पेंगणार, चार्ल्स ब्रिजवर फोटोपुरतं उठवलं जाणार आणि संध्याकाळी नव्या हॉटेलच्या नव्या खोलीत अंधाराला घाबरून रडणार. सोमवारी किटात बाई विचारतात, सुटीत काय केलंस? उत्तर येतं, "आउटो."

माझं म्हणणं सरळ आहे. मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत एका सुटीत एकच मुक्काम असावा. प्रवास कमी करा असं मी म्हणत नाही. आपण इथे आहोत तोवर हिंडलंच पाहिजे. पण गावं बदलत पळण्यापेक्षा एका गावात राहावं. हा नियम मला युरोपाइतकाच भारताच्या वारीलाही लागू वाटतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: एवढ्याशा पोराला काय आठवणार आहे? आपलं बघून होतंय ना! मोठेपणी बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, हे खरंच. म्हणूनच मी म्हणतो, जे आठवणारच नाही त्यासाठी त्याला पळवू नका. त्याच्या पदरात पडतो तो तो दिवस. तो दिवस झोपेच्या वेळी झोप, भुकेच्या वेळी भात आणि ओळखीचं अंथरूण मिळून गेला, तर ते खूश असतं, आपणही असतो. लहान मुलाला नवी जागा आपली वाटायलाच दीड-दोन दिवस लागतात. किटात आपण हे मान्य करतो. तिथे मूल रुळावं म्हणून आईबाप आठवडे देतात, सुरुवातीला स्वतः तिथे बसून राहतात. सुटीत मात्र त्याने रोज नव्या गावाला रुळावं अशी आपली अपेक्षा.

आम्ही गेल्या उन्हाळ्यात श्वार्त्सवाल्डमध्ये एका शेतावर फेरीनवोनुंग घेऊन राहिलो. स्वयंपाकघर असल्यामुळे छोटा कुकर आणि मूगडाळ सोबत होती, त्यामुळे जेवणाची चिंता मिटली. पहिल्या दिवशी लेक कडेवरून उतरायला तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या दारापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासायच्या आधीच गोठ्यात हजर. शेतकरीणबाईंनी तिच्या हातात मूठभर गवत दिलं. वासराने ते ओढून घेताना तिची बोटंही चाटली. ती खरखरीत जीभ लागताच आधी किंचाळली आणि मग पुन्हा हात पुढे केला. पुढचे सगळे दिवस वासराशी मराठीत गप्पा आणि शेतकरीणबाईंशी जर्मनमध्ये. आम्ही दुसऱ्याच दिवशी गाव बदललं असतं, तर तिच्या वाट्याला फक्त कडेवरचा दिवस आला असता.

खर्चाच्या बाजूनेही एकच मुक्काम परवडतो. श्वार्त्सवाल्डच्या बऱ्याच गावांत मुक्काम केला की कोनुस कार्ड मिळतं. त्यावर तिथल्या बसगाड्या आणि लोकल रेल्वे फुकट. जर्मन रेल्वेत सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीटच लागत नाही, पुढे १४ व्या वर्षापर्यंतही आईवडिलांच्या तिकिटावर नाव घातलं की ते फुकट येतं. आयसीईमध्ये लहान मुलांच्या कुटुंबांसाठी वेगळा कप्पा असतो. बग्गीला जागा असते, दार लावता येतं आणि पोर खाली बसून खेळलं तरी कोणी भुवया उंचावत नाही. गाडीत सीटला बांधलेल्या मुलापेक्षा रेल्वेत खिडकीला नाक लावून बसलेलं मूल कितीतरी जास्त प्रवास करतं.

दुसरा आक्षेप: शाळा सुरू झाली की संपलं, आताच काय ते फिरून घ्या. यात तथ्य आहे. शाळेची सक्ती इथे कडक आहे. २०१८ च्या मे महिन्यात सुटीच्या तोंडावर मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनी शाळा बुडवून निघालेली कुटुंबं हेरली होती, त्याची चर्चा देशभर झाली. शाळा लागली की विमानाची तिकिटंही सगळ्यांबरोबर महागात घ्यावी लागतात. पण याचा अर्थ असा, की आज आपल्याकडे जून किंवा सप्टेंबरमध्ये, गर्दी नसताना, कमी भाड्यात आठवडाभर एका जागी राहण्याची मोकळीक आहे. ही मोकळीक वापरायची सोडून आपण नेमके सगळ्यांबरोबर लाँग वीकेंडला आउटोबानवर श्टाऊमध्ये अडकतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जिव्हाळ्याचा. आई-बाबा नव्वद दिवसांच्या व्हिसावर येतात, त्यांना स्वित्झर्लंड दाखवायचं नाही का? जरूर दाखवा. पण युंगफ्राउयोखचं स्टेशन ३४५४ मीटरवर आहे. तान्ह्या मुलाला तिथे नेण्यात शहाणपण नाही. इंटरलाकेनला चार रात्री मुक्काम ठेवा. एक दिवस मुलगा आई-बाबांना घेऊन वर जाईल, सून बाळाला घेऊन तळ्याकाठी बसेल. दुसऱ्या दिवशी उलट. आजी-आजोबांना शहरांची यादीच पुरी करायची असेल, तर मुंबई-पुण्याच्या टूर कंपन्या मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि जेवणात वरणभात देऊन ती उत्तम पुरी करतात. त्या यादीसाठी नातवंडाला वेठीला धरायची गरज नाही.

आता भारताची वारी. इथे कायद्याने किमान २० दिवसांची रजा मिळते, बहुतेक कंपन्यांत २८ ते ३०. त्यातली निम्म्याहून जास्त भारतासाठी राखलेली असते. आणि तिथे गेल्यावर आपण करतो काय? मुंबईला उतरून पुणे, तिथून सातारा, कोल्हापूर, परत येताना नाशिक. मावशीकडे चहा, आत्याकडे जेवण, काकांकडे "अगदी पाच मिनिटं." साडेतीन-साडेचार तासांचा वेळेचा फरक अजून अंगात असलेलं मूल या मांडीवरून त्या मांडीवर फिरतं आणि प्रत्येक घरी एकच ऐकतं, "मराठी येतं का रे तुला?" त्याला मराठी येण्यासाठी लागणारी एकमेव गोष्ट, म्हणजे रोज तीच चार मुलं आणि त्यांच्याबरोबर तोच खेळ, ती या धावपळीत मिळत नाही. तेच मूल आजीच्या सोसायटीत तीन आठवडे राहिलं, की दुसऱ्या आठवड्यात पार्किंगमधून "ए, माझ्यावर राज्य नाहीये!" असं ओरडताना ऐकू येतं. आपल्या शनिवारच्या मराठी शाळेच्या बाईंनाही हे पटेल. राहिला प्रश्न नातेवाइकांच्या रुसव्याचा. एका रविवारी सगळ्यांना आजीच्या घरी जेवायला बोलवावं. जे आले त्यांच्याशी निवांत बोलणं होतं, जे रुसले ते एरवीही रुसलेच असते.

या अंकाच्या निमित्ताने मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. आपली वार्षिक सहल म्हणजे पहाटे सहाची बस, दोन तासांत किल्ला, रांगेत जेवण आणि परतीच्या वाटेवर उलट्या करणारी मुलं. त्याऐवजी एखादं युगेंडहेरबेर्ग तीन रात्रींसाठी घ्यावं. १९०९ साली रिशार्ड शिर्मान नावाचे शिक्षक वर्गाला घेऊन पायी सहलीला निघाले असताना वादळी पावसात सापडले, सगळ्यांनी एका शाळेत रात्र काढली आणि त्यातून या वसतिगृहांची कल्पना निघाली. आज तिथे कुटुंबांसाठी खोल्या असतात, चादरी आणि नाश्ता भाड्यातच येतो, अंगणात मुलांना हुंदडता येतं. आठ-दहा मराठी कुटुंबं तीन दिवस एका छपराखाली राहिली, तर मुलांची मैत्री होईल आणि त्यांच्या आईबापांचीही. खोल्या बऱ्याच आधी भरतात. पुढच्या उन्हाळ्यासाठी नोंदणी करायची असेल, तर दिवाळीच्या कार्यक्रमातच हात वर करा आणि नावं द्या.