२०३८ची तयारी आजच्या खरेदीतच

मंगळवार, १९ जानेवारी २०३८. सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. केसपेपरच्या खिडकीसमोर रांग लागलेली असेल आणि पुढच्याच सेकंदाला काही जुन्या संगणक प्रणाली १४ डिसेंबर १९०१ ही तारीख दाखवू लागतील. म्हणजे कोल्हापूर थेट शाहू महाराजांच्या कारकिर्दीत!

कारण साधे आहे. या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. हा आकडा ३२ बिटांच्या जागेत साठवला, तर २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे तो मावत नाही आणि उणे होतो. नव्या ६४ बिटांच्या प्रणालींत हा प्रश्न बहुतांशी सुटला आहे. अडचण आहे ती यंत्रांच्या पोटात बसवलेल्या, वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेल्या सॉफ्टवेअरची.

डॉक्टरला याची काळजी का? मूत्रपिंडाचे काम दाखवणारा ईजीएफआर काढताना वय लागते. रक्तपिशवीची मुदत तारखेवर ठरते. औषधाच्या दोन डोसांतले अंतरही वेळेवरूनच मोजतात.

‘वायटूकेच्या वेळी काहीच झाले नाही,’ असे म्हणणाऱ्यांनी इंग्लंडमधले शेफील्ड आठवावे. २००० साली तिथल्या प्रयोगशाळेच्या सॉफ्टवेअरने गर्भवतींचे वय चुकीचे मोजले. दीडशेहून अधिक महिलांना डाऊन सिंड्रोमच्या धोक्याचा चुकीचा अहवाल मिळाला आणि ते काही महिने कोणाच्या लक्षात आले नाही. बंद पडलेले यंत्र लगेच कळते. खरा वाटणारा खोटा आकडा कळत नाही.

सरकारी रुग्णालयात यंत्र मोडेपर्यंत वापरतात. आज घेतलेले यंत्र २०३८ मध्ये चालू असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून असो वा देणगीतून, प्रत्येक खरेदीच्या निविदेत ‘२०३८ नंतरही तारीख अचूक राहील’ अशी लेखी हमी मागावी. जुन्या यंत्रांची यादी करून कंपन्यांना विचारावे. घड्याळ पुढे करून चाचणी घ्यायची, तर ती कंपनीच्या तंत्रज्ञाने, रुग्णाला न जोडलेल्या यंत्रावरच घ्यावी.

घरच्या रक्तदाब यंत्रासाठी कोणी घाबरू नये. पण निविदेतली एक ओळ आज फुकट आहे. तीच दुरुस्ती नंतर महाग पडेल, आणि किंमत कदाचित रुग्ण मोजेल.