नाटकात गोंडी कोण बोलतो?

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की आपल्याकडे नाटुकली बसवायची घाई सुरू होते. बेटी बचाओ, व्यसनमुक्ती, झाडे लावा हे विषय ठरलेले. संवाद मोबाईलवरून उतरवायचे आणि मुलांकडून घोकून घ्यायचे. यंदा एक करा. नाटक सुरू असताना पाच मिनिटं मंचाकडे पाठ करा आणि पालकांकडे बघा. पूर्ण मराठी नाटक असलं की पुढच्या रांगेतले सरपंच, केंद्रप्रमुख आणि आपण शिक्षक हसतो. मागे सतरंजीवर बसलेल्या आया आपलं लेकरू कुठं उभं आहे तेवढं शोधतात, ते दिसलं की समाधान मानतात. गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्याच नाटकात एखाद्या पोरीने गोंडीत किंवा माडियात एक वाक्य टाकलं, की मागून हशा येतो, पुढची रांग वळून बघते.

पण हा हशा कशाचा आहे, हे आपण नीट ऐकायला हवं.

आपल्या भागाला नाटक नवीन नाही. झाडीपट्टीची रंगभूमी चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या चार जिल्ह्यांत घराघरांत पोचलेली आहे. दिवाळी झाली की हंगाम सुरू होतो, वडसा म्हणजे देसाईगंजातून नाटकमंडळ्या निघतात आणि मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटक चालतं. आईच्या मांडीवर झोपी गेलेलं पोर गाणं लागलं की उठून बसतं. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे नाटक कसं बघायचं हे आपल्या पालकांना शिकवायची गरज नाही. ते आपल्यापेक्षा जास्त नाटकं बघून बसलेत.

मात्र या नाटकांतली एक सवय शाळेतही शिरली आहे. नायक, वकील, जमीनदार पुस्तकी मराठी बोलणार. 'पानी' म्हणणारा, झाडी बोली बोलणारा असतो तो बहुतेक वेळा विनोदी पात्र. लोकांना ते पात्र फार आवडतं, हे खरं. पण शाळेच्या नाटकात आपण तोच साचा उचलतो: डॉक्टर, कलेक्टर, बाईसाहेब मराठीत आणि गोंडी बोलणारा दारुडा, नाहीतर अडाणी म्हातारा. पालक हसतात. मुलगाही हसतो. घरी आजी जे बोलते ते हसण्याचं आहे, असा धडा तो घेऊन जातो. आणि आपण अहवालात 'बोलीभाषेला प्रोत्साहन' असं लिहून मोकळे होतो!

माझं मत स्पष्ट आहे. अशी द्विभाषिक नाटकं न केलेली बरी. करायचीच, तर गोंडी बोलणाऱ्या पात्राकडे गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची माहिती द्या.

हे कसं जमतं, ते सांगते. आपल्या कितीतरी मुली रोज दुभाषी असतात. दवाखान्यात आजीला घेऊन जायचं, बँकेत बाबांचा फॉर्म भरायचा, रेशन दुकानात बोलायचं. हेच नाटक करा. आजीला फक्त गोंडी येते, डॉक्टरांना फक्त मराठी, मधे दहा वर्षांची नात. आजी सांगते दुखणं कधी सुरू झालं, कुठली मुळी खाल्ली, काय केल्यावर वाढलं. डॉक्टर घाईत. नात सुईच्या भीतीने अर्धंच सांगते. आता मागे बसलेल्या आयांना डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत असतं. त्या हसतात, ओरडून नातीला सांगतात, 'अगं, ते मुळीचं सांग ना!' आणि पुढच्या रांगेतल्या साहेबांना दोन मिनिटं काहीच कळत नाही. त्यांना ती दोन मिनिटं बसू द्या. आपली पहिलीतली मुलं अशी वर्षभर बसतात.

एक पथ्य पाळा. प्रत्येक वाक्य आधी गोंडीत, मग मराठीत असं करू नका. ते नाटक राहत नाही, घोषणा होते. ज्याला जी भाषा येते ती त्याने बोलायची, बाकीचं हातवारे आणि प्रसंगातून कळतं. शेजारच्या छत्तीसगडमध्ये हबीब तन्वीरांनी हे फार आधी ओळखलं. गावचे कलावंत हिंदीत बोलायला लावले की लाकडासारखे उभे राहायचे. त्यांना छत्तीसगढी बोलू दिल्यावर तेच कलावंत फुलले. 'चरणदास चोर' त्यातूनच उभं राहिलं आणि १९८२ मध्ये एडिनबरोला जाऊन बक्षीस घेऊन आलं. तिथल्या प्रेक्षकांना कुठे येत होती छत्तीसगढी?

आता वडिलांच्या तक्रारीकडे येऊ. ती हमखास येते आणि ती टाळू नये. 'हे तं पोराले घरीच येते. शाळेत मराठी शिकवा न.' हा माणूस चुकीचा नाही. तहसील, ठाणं, बँक, भरती, सगळं मराठीत चालतं, आणि मराठी न आल्याची किंमत त्याने स्वतः मोजलेली असते. त्याच्यापुढे मातृभाषेवर भाषण देऊ नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये काय लिहिलंय, २०२० चं धोरण पाचवीपर्यंत काय म्हणतं, हे आपल्या बैठकीत बोलायचं. त्याला त्याचं पोर दाखवा. घोकलेल्या नाटकातल्या मुलाला नंतर विचारा, 'तू काय बोललास रे?' तो खाली बघतो. दवाखान्याच्या नाटकातल्या नातीला विचारा. ती दोन्ही भाषांत सांगते, कारण मराठी वाक्याच्या आधी तिच्याकडे अर्थ होता. बापाला तिची मराठी ऐकू येते. त्याचं काम झालं.

आणि सगळे पालक असे नसतात. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात २०१९ मध्ये ग्रामसभेनेच गोंडीतून शिकवणारी शाळा सुरू केली. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख निघाले, तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. ही खंत पालकांना आपल्यापेक्षा चांगली ठाऊक आहे, फक्त शाळेत बोलायची जागा मिळत नाही.

बरं, शिक्षकाला गोंडी येत नसेल तर? बहुतेकांना येत नाही. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली, कोरचीत छत्तीसगढी, बदलीगणिक नवी भाषा कुठून आणायची? तुम्ही प्रसंग सांगा, संवाद घरून येऊ द्या. मुलांना सांगा, आजी हे कसं बोलेल ते विचारून या. दुसऱ्या दिवशी पाच मुलं पाच तऱ्हेने सांगतील, भांडतीलही. गावागणिक उच्चार बदलतो, तेव्हा एका आजीला तालमीला बोलवा, ती निकाल देईल. गंमतही सापडते. गोंडीत 'कोर' म्हणजे कोंबडी आणि मराठीच्या पुस्तकात चंद्राची कोर. आकाशात कोंबडी उगवली की पहिलीचा वर्ग लोळतो, आणि दोन्ही शब्द पक्के बसतात.

संवाद देवनागरीत लिहून ठेवा, मुलांच्याच अक्षरात. पुढच्या वर्षी तुमची बदली झाली तरी वही शाळेत राहील. नाटक संपल्यावर पालकांचा अभिप्राय घ्याल तेव्हा छापील फॉर्म वाटू नका. मागच्या सतरंजीवर जाऊन बसा आणि विचारा, आजीने डॉक्टरला अजून काय सांगायला हवं होतं.