मुक्कामाची निवड

प्रवासवर्णन शिकवताना आपण लेखकाने काय पाहिले ते विचारतो, कसे पाहिले ते विचारतो. त्याची भाषा, त्याचा विनोद, त्याचे चिंतन यांवर प्रश्न काढतो. तो रात्री कुठे राहिला, हे मात्र कुणी विचारत नाही. तो व्यवस्थेचा, फार तर हिशेबाच्या वहीचा प्रश्न समजला जातो. आमचे मत याच्या उलट आहे. प्रवासी जिथे मुक्काम करतो तिथून त्याची नजर ठरते. सकाळी त्याला पहिला आवाज कुणाचा ऐकू येणार आणि कुणाचा कधीच ऐकू येणार नाही, हे तिथेच ठरून जाते. प्रवासवर्णनाचा खरा निवेदक पुष्कळदा त्या खोलीची खिडकीच असते.

हे सुचण्याचे निमित्त साधे आहे. ग्रीसच्या बेटांवर जाऊन आलेली, किंवा जाण्याच्या तयारीत असलेली माणसे आता शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावीही भेटतात. मुले पुण्यात, आखातात वा युरोपात नोकरीला. निवृत्त आईवडिलांना ती एकदा समुद्र दाखवू पाहतात. मग एकच प्रश्न घरभर फिरतो : सांतोरिनीला राहायचे कुठे? त्याचे उत्तर दर आणि छायाचित्रे पाहून दिले जाते. आम्हांला तो प्रश्न त्याहून गंभीर वाटतो आणि साहित्याच्या अभ्यासकांना त्यात बोलण्याजोगे काही आहे, असेही वाटते.

सांतोरिनी म्हणजे प्राचीन थेरा. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकात बेटाचा मधला भाग खचला आणि तिथे समुद्र शिरला. उरली ती चंद्रकोरीसारखी कडा. या कड्यावर फिरा, इमेरोविग्ली आणि इया ही गावे आहेत. पाठीमागच्या उतारावर, काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर, कामारी आणि पेरिसा; मधल्या भागात पिर्गोस, मेगालोखोरी, एम्पोरिओ अशी जुनी शेतकरी गावे. प्रवाशापुढे पर्याय हे एवढेच. त्यांतील कड्यावरची खोली सर्वांत महाग, कारण तिच्या गच्चीवरून खोल समुद्र आणि सूर्यास्त दिसतो. म्हणजे तिथे पैसे खोलीचे नसतात, खोलीतून जे दिसते त्याचे असतात.

यातली गंमत अशी की इयातील ज्या गुहाघरांसाठी आज सर्वांत जास्त पैसे मोजावे लागतात, ती मुळात गरिबांची. ज्वालामुखीच्या मऊ थरात कोरून काढलेल्या या खोल्यांत जहाजांवरचे साधे खलाशी राहत; कप्तानांचे प्रशस्त वाडे वर, सपाटीवर. खोदलेल्या घराला दगड, लाकूड, पैसा कमी लागे, उन्हाळ्यात ते थंड राही, एवढाच त्याचा गुण. १९५६च्या भूकंपाने ही घरे मोडली, माणसे बेट सोडून गेली. पुढे १९७०च्या दशकापासून जुन्या वस्त्यांच्या दुरुस्तीची सरकारी योजना आली, घरांची अतिथिगृहे झाली आणि पाहता पाहता गरिबाचे घर श्रीमंताची हौस बनले. आपल्या खान्देशातल्या धाब्याच्या घरांची आठवण इथे कुणालाही व्हावी. लाकडी सऱ्यांवर मातीचा थर देऊन केलेले सपाट छप्पर. उन्हाळ्याच्या रात्री सगळे घर त्या धाब्यावर झोपायला. धाबे गळू लागले की माणसे सिमेंटच्या छताची स्वप्ने पाहत. उद्या एखाद्याने त्याच धाब्यावर गाद्या टाकून 'मातीच्या घरातील रात्र' विकायला काढली, तर आम्हांला नवल वाटणार नाही. ज्याला ते घर सोडण्याची मुभा असते, त्यालाच ते सुंदर दिसते.

हे सांतोरिनीपुरतेच नाही. शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा ओलांडून शहाद्याच्या रस्त्याने तापी पार केली की सारंगखेडा लागते. तिथली एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि तिचा घोडेबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. घोड्यांचे व्यापारी थंडीत जनावरांशेजारीच पाल ठोकून राहतात, तिथेच चूल मांडतात. गेल्या दशकात यात्रेला 'चेतक फेस्टिव्हल'ची जोड मिळाली, आणि पर्यटकांसाठी पलंग आणि न्हाणीघर यांनी सज्ज तंबू उभे राहिले. पाल आणि 'टेंट' यांत कापडाचा फरक फारसा नाही. एकात माणूस पोटासाठी राहतो, दुसऱ्यात तसे राहण्याचा अनुभव विकत घेतो. आम्ही या सोयीच्या विरोधात नाही; यात्रेला आलेल्या बायकांना स्वच्छ न्हाणीघर मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. पण पाहणाऱ्याने आपण कुठल्या कापडाखाली झोपलो होतो ते लिहिताना विसरू नये, इतकेच.

ग्रीकांच्या आद्य प्रवासकाव्याला ही बाब पक्की ठाऊक होती. 'ओडिसी' हे काव्य एका अर्थाने बेटांवरच्या मुक्कामांचेच काव्य आहे, आणि त्यात बेटाची परीक्षा देखाव्यावरून होत नाही, यजमानावरून होते. फायेशियनांच्या राजवाड्यात अनोळखी ओडिसियसपुढे आधी पान वाढले जाते, मग चौकशी होते. एकाक्ष पॉलिफेमस आधी चौकशी करतो, नंतर पाहुण्यांनाच खातो. आणि 'तुला सर्वांत शेवटी खाईन' हीच आपली पाहुण्याला भेट, असे वर सांगतो. कॅलिप्सोच्या बेटावर सौंदर्याला तोटा नाही, तरी सात वर्षे तिथे राहिलेला नायक किनाऱ्यावर बसून रडतो. काव्यातील सर्वोत्तम यजमान कोण? इथाकेचा डुकरे राखणारा युमियस. तो भिकाऱ्याच्या वेशातील आपल्या धन्याला ओळखत नाही. तरी स्वतःच्या अंथरुणातले बकऱ्याचे कातडे त्याला बसायला अंथरतो आणि रात्री पांघरायला आपला जाड झगा देतो. ग्रीकांनी पाहुणा व यजमान यांच्या या नात्याला 'झेनिया' म्हटले आणि तिचे रक्षण साक्षात झ्यूसकडे सोपवले. आपल्याकडे 'अतिथी' या शब्दाची परंपरागत फोड 'ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो' अशी केली जाते. आरक्षण करून जाणारा आजचा प्रवासी तिथीसकट जातो. तो अतिथी नव्हे, गिऱ्हाईक. आणि यजमानही मग यजमान उरत नाही.

मराठीत मुक्कामाने ग्रंथ कसा घडवला, याचे सर्वांत ठळक उदाहरण विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'चे. वरसईचे हे भिक्षुक दक्षिणा मिळवण्याच्या आशेने १८५७मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पुस्तकाचे मोल कशात आहे? १८५८मध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा गोडसे तटाबाहेर दुर्बीण लावून उभे नव्हते, ते शहरात मुक्कामाला होते. तोफांचे गोळे, पाण्याची टंचाई, नंतरची कत्तल हे सारे त्यांनी गावातल्या माणसासारखे भोगले. गावावर जे येईल ते आपल्यावरही येईल, असा तो मुक्काम होता. ती जोखीम पुस्तकातून काढली तर उरते केवळ यात्रेची जंत्री.

इथवर वाचून कुणाला वाटेल की आम्ही जुन्या पाहुणचाराचे गोडवे गातो आहोत. तसे नाही. गोडसे भटजींना वाटेत जे दरवाजे उघडले, ते त्यांची जात पाहून उघडले. तेच दरवाजे दुसऱ्या कुणाला बंद होते, आणि याचा पुरावा खान्देशच्याच भूमीवर आहे. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनाचा मोठा भाग 'राहायचे कुठे' या एकाच प्रश्नाचा आहे. वडोदऱ्यात नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांना पारशी नाव घेऊन पथिकाश्रमात राहावे लागले, आणि ओळख पटल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. १९२९मध्ये, सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य असताना, धुळ्याकडचे चौकशीचे काम आटोपून ते चाळीसगावला उतरले. तिथल्या अस्पृश्य वस्तीतील लोकांनी एक रात्र आपल्याकडे राहण्याचा आग्रह केला होता. टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. पाहुण्याला पायी नेणे त्याच्या मानाला साजेसे नाही, म्हणून यजमानांनी टांगा भाड्याने घेतला. वस्तीतीलच सवय नसलेला एक जण हाकायला बसला. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांना गंभीर दुखापत झाली. एकाच प्रसंगात पाहुणचाराची दोन टोके आहेत : नाकारणारा गाव, आणि पाहुण्याच्या मानासाठी नको ती जोखीम घेणारी वस्ती. युमियसची झोपडी कुठे होती, हे वेगळे सांगायला नको.

पुढे ३१ जुलै १९३७ला न्यायालयीन कामासाठी बाबासाहेब धुळ्याला आले असता लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी लांडोर बंगल्यात राहिले. आजही दर वर्षी त्या तारखेला तिथे मोठा समुदाय जमतो. एका मुक्कामाची जागा तीर्थ व्हावी, यात भाबडेपणा पाहणाऱ्यांना मुक्काम नाकारला जाणे म्हणजे काय ते ठाऊक नसते.

म्हणून पैसे मोजून मिळणाऱ्या, आडनाव न विचारणाऱ्या खोलीला आम्ही तुच्छ लेखत नाही. ज्यांच्या आज्यापणज्यांना धर्मशाळेची ओसरीही मिळाली नाही, त्यांच्या नातवंडांनी कड्यावरची महागडी खोली घेतली तर तीत एक न्याय आहे. आमचा आग्रह त्यापुढचा आहे. दार उघडले, आता आत शिरताना आपण कुणाला बाहेर काढतो आहोत का, हेही पाहावे.

हा प्रश्न सांतोरिनीत अगदी रोकडा आहे. सुमारे १५ हजार वस्तीच्या या बेटावर २०२३मध्ये सुमारे ३४ लाख लोक येऊन गेले. प्रवासी जहाजांतून येणाऱ्यांवर दिवसाला ८ हजारांची मर्यादा घालण्याची वेळ आली. घरे पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देण्यात फायदा असल्याने ग्रीक बेटांवर नेमणूक झालेल्या शिक्षकांना आणि डॉक्टरांना राहायला जागा मिळणे कठीण झाले आहे. वाचकांपैकी जे शिक्षक आहेत आणि आडगावी पहिली नेमणूक झाल्यावर खोली शोधत हिंडले आहेत, त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. २०२५च्या फेब्रुवारीत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली तेव्हा ११ हजारांहून अधिक माणसांनी बेट सोडले. त्यांत तिथले रहिवासी होते आणि हंगामापूर्वीच्या कामांसाठी आलेले मजूरही. देखाव्यात ही माणसे कधी दिसत नाहीत. देखावा उभा राहतो तो त्यांच्यामुळे.

तेव्हा विचारलेच, तर आमचे उत्तर असे : कड्यावर एक संध्याकाळ जावे, सूर्यास्त पाहावा आणि परत यावे. राहावे पिर्गोस वा एम्पोरिओसारख्या मधल्या गावात, घरमालक त्याच आवारात राहत असेल अशा ठिकाणी. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरात. आणि पाच दिवसांत पाच बेटे न करता एकाच बेटावर. पिर्गोस ही बेटाची जुनी राजधानी, पण तिच्याभोवती शेती आहे. वाऱ्यापासून घड वाचावेत म्हणून टोपलीसारख्या वळवून जमिनीसरशी ठेवलेल्या द्राक्षवेली तिथे दिसतात. पावसाची वानवा असलेल्या त्या राखेत दवावर पिकणारे लहान टोमॅटो दिसतात, आणि ताटात येणारा 'फावा' म्हणजे आपल्या घट्ट वरणाचा चुलतभाऊच. शिंदखेड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला या बेटाशी बोलण्याजोगे पुष्कळ आहे. ते बोलणे जलतरण-तलावाच्या काठावरून होत नाही. आणि जिथे सकाळी शेजाऱ्याला नमस्कार करावा लागत नाही, ती जागा राहण्याची नव्हे, केवळ निजण्याची.

यावर आक्षेप येईल की चार दिवसांच्या सुट्टीवर गेलेल्या माणसाकडून एवढी अपेक्षा का? थकलेल्या माणसाने निवांत पडून समुद्र पाहू नये काय? अवश्य पाहावा. विश्रांतीला कोणाच्या परवानगीची गरज नाही. पण परतल्यावर तोच माणूस 'ग्रीस पाहिले' म्हणून लिहू लागतो, व्याख्याने देतो, तेव्हा त्याच्या मुक्कामाचा पत्ता विचारण्याचा हक्क वाचकाला प्राप्त होतो.

मराठी प्रवासवर्णन भरघोस आहे. १९६०च्या 'अपूर्वाई'पासून मीना प्रभु यांच्या 'ग्रीकांजली'पर्यंत त्याने आपल्याला जग दाखवले. त्याची समीक्षा मात्र अजून स्थळे आणि शैली यांपाशीच रेंगाळते. वर्गात यापुढे तीन प्रश्न भर घालून विचारावेत, असे आम्ही सुचवतो : लेखक कुणाच्या छपराखाली राहिला? त्याचे जेवण कुणी रांधले? आणि त्याला उघडलेले दार त्याच काळी कुणाला बंद होते? या प्रश्नांना उत्तर देणारी पुस्तके थोडी निघतील. पण जी निघतील, त्यांच्या लेखकांनी केवळ स्थळे पाहिली नाहीत, ते कुठेतरी खरोखर राहिले होते, असे निश्चित म्हणता येईल.