भातकापणी आणि सत्रपरीक्षा

विद्यापीठाचे परीक्षांचे वेळापत्रक महाविद्यालयाच्या फलकावर लागते, त्याच सुमारास भोर आणि वेल्हे तालुक्यांतील भातखाचरांत विळे चालू लागतात. हा एखाद्या वर्षाचा योगायोग नव्हे. पहिले सत्र सुरू होते तेव्हा गुंजण मावळात, कानद खोऱ्यात, वेळवंड खोऱ्यात आणि हिरडस मावळात लावणी चाललेली असते. ते संपत येते तेव्हा, म्हणजे साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कापणी आणि झोडणी येते. दोन्ही कामे थांबत नाहीत. पिकलेले भात उभे ठेवले तर दाणा गळतो, परतीच्या पावसाने झोडपले तर आडवे पडते. परीक्षाही थांबत नाही. या दोहोंच्या मध्ये सापडतो तो या खोऱ्यांतला महाविद्यालयीन विद्यार्थी. आणि विद्यार्थ्यापेक्षाही अधिक, विद्यार्थिनी.

गेल्या कार्तिकात काही कामानिमित्त मी वेल्हे तालुक्यात गेलो होतो. (या तालुक्याचे अधिकृत नाव आता राजगड झाले आहे, जुन्या सवयीने मी वेल्हेच म्हणतो.) रस्त्यालगतच्या एका खाचरात एक मुलगी आईबरोबर भात कापीत होती. बांधावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली वही ठेवलेली दिसली, म्हणून चौकशी केली. मुलगी कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाला, विशेष विषय अर्थशास्त्र. मी अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे म्हटल्यावर ती थोडी संकोचली आणि मग म्हणाली, “सर, चार दिवसांत दोन विषयांचे प्रकल्प द्यायचे आहेत आणि दोन खाचरं अजून उभी आहेत. हे वेळापत्रक काढतात त्यांना आमच्याकडची कापणी कधी असते ते कुणी सांगतच नाही का?”

मला उत्तर देता आले नाही. कारण वेळापत्रक काढणाऱ्यांच्या बाजूच्या लोकांत मीही होतो. शिक्षक-कक्षात सत्रपद्धतीची बाजू मी हिरिरीने मांडलेली आहे. जुन्या वार्षिक पद्धतीत एका एप्रिल महिन्यावर सारे वर्ष टांगलेले असे. त्या आठवड्यात मुलगा तापाने फणफणला किंवा घरात मृत्यू झाला की वर्ष वाया गेले. अभ्यास दोन भागांत वाटावा, मूल्यमापन वर्षभर चालावे, म्हणजे गरिबाच्या मुलावरचे ओझे हलके होईल, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. कला आणि वाणिज्याच्या पदवीवर्गांना पुणे विद्यापीठाने २०१९-२० पासून श्रेयांकावर आधारलेली सत्रपद्धती लागू केली आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाची चौकट आली. हेतूविषयी मी आजही शंका घेत नाही. मात्र आमच्या युक्तिवादात एक गृहीत दडलेले होते, ते मी तपासले नव्हते. प्रत्येक विद्यार्थ्याजवळ दिवसाचे सारखेच तास असतात, हे ते गृहीत होय.

नव्या चौकटीत विद्यार्थ्याने एका सत्रात साधारणतः २२ श्रेयांक मिळवावयाचे असतात. तात्त्विक विषयाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन. सत्र १५ आठवड्यांचे धरले, तर ३३० तास, आठवड्याला २२ तास, केवळ वर्गात बसण्याचे. प्रात्यक्षिकांचे तास याच्या दुप्पट. शिवाय स्वाध्याय, चाचण्या, प्रकल्प, सादरीकरण. श्रेयांक हे एका अर्थाने वेळेचे नाणे आहे. आणि ज्याच्याजवळ वेळ आहे तोच ते कमावू शकतो.

आता या नाण्याचा जमाखर्च खोऱ्यातल्या एका मुलीच्या दिवसाशी ताडून पाहावा. सात तासांची झोप धरू. पहाटे झाडलोट, पाणी, गुरांचे, भाकरी यांत दोन तास. घरापासून सडकेपर्यंतची पायपीट, गाडीची वाट पाहणे आणि जाण्यायेण्याचा प्रवास मिळून तीन तास. महाविद्यालयात पाच तास. संध्याकाळी पुन्हा घरकाम तीन तास. आंघोळ-जेवणास दीड तास. उरले अडीच तास. त्यात वाचन, लेखन, झेरॉक्स काढलेल्या टिपणांची उजळणी आणि मोबाईलला रेंज मिळेल अशा टेपावर जाऊन परीक्षेचा अर्ज भरणे. हा झाला सत्राच्या मध्यावरचा, बऱ्यापैकी सुखाचा दिवस. कापणीच्या दिवसांत यातून किमान चार तास शेताला द्यावे लागतात. अडीचातून चार वजा कसे करावयाचे? दीड तास झोपेतून तरी जातो, नाही तर महाविद्यालयाच्या पाच तासांवर पाणी पडते. मग हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली येते, अंतर्गत चाचणी हुकते, प्रकल्प उशिरा पडतो, आणि गुणपत्रिकेत विद्यार्थ्याची जी ‘अनियमितता’ दिसते ती वस्तुतः भाताच्या भाऱ्यांची संख्या असते.

मुलींचा उल्लेख मी विशेषेकरून करीत आहे, त्यास आधार आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातील बिनमोल कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, पुरुषांची नऊ. ज्या घरात नळाला पाणी आणि चुलीला गॅस आहे त्या घरांचाही समावेश या सरासरीत आहे. डोंगरकुशीतल्या वाडीत तो आकडा कोणत्या बाजूला झुकेल, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये वेळेच्या वाटपाचा सिद्धांत मांडला. वेळ हेही दुर्मीळ साधन आहे आणि त्याला किंमत आहे, असे त्याचे सांगणे. बेकरचे राजकारण आपल्याला मानवणारे नाही, परंतु हा मुद्दा आपण समाजवाद्यांनी त्याच्याही आधी ओळखला होता. कामाच्या दिवसाची लांबी हा मार्क्सने आपल्या अर्थविवेचनाच्या केंद्रस्थानी आणलेला प्रश्न आहे, आणि आठ तासांच्या दिवसासाठी कामगार चळवळीने रक्त सांडले आहे. गिरणीतल्या तासांचा हिशेब आपण मांडला. शिकणाऱ्या शेतकरी मुलीच्या तासांचा मांडला नाही.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विद्यार्थ्यांना एस.टी.च्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पात्र घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क २०२४-२५ पासून माफ झाले आहे. या मागण्या चळवळींनी लावून धरल्या होत्या. त्या मिळाल्या याचा आनंद आहे. तरीही या सर्व उपायांचे स्वरूप एकच दिसते. ते पैशाचे ओझे उतरवतात, वेळेचे नाही. पासामुळे तिकीट स्वस्त होते, गाडी वारंवार येऊ लागत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून पुढील एप्रिलपर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांनी संप केला, तो त्यांच्या हलाखीतून उद्भवलेला होता आणि आपली सहानुभूती त्यांच्याकडेच होती. परंतु दुर्गम भागातील शिक्षण एका लाल गाडीवर किती अवलंबून आहे, हे त्या सहा महिन्यांनी उघडे केले. ज्यांच्या दारात दुचाकी होती त्यांची मुले जात राहिली. ज्यांच्याकडे नव्हती त्यांच्या मुलींचे काय झाले, याची नोंद कोणत्या दप्तरात आहे?

या खोऱ्यांकडून घेण्याची शहराला आणि सधन मुलखाला जुनी सवय आहे. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२८ साली पुरे झाले. त्याच्या पाण्यावर नीरेच्या कालव्यांखालची बारामती, इंदापूर, फलटणकडची शेती फुलली. पानशेतच्या जलाशयाने पुणे शहराची तहान भागवली. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्या वाड्यांत मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणजे दुसऱ्या सत्राच्या अखेरीस, एप्रिल-मे महिन्यांत, विळ्याची जागा हंडा घेतो. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना हेच बजावले होते की सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. आज महाविद्यालयाचे दार रयतेच्या मुलीला उघडे आहे, ही प्रगती निःसंशय मोठी आहे. तिला त्या दारातून आत जायला वेळ मिळतो का, हा आजचा प्रश्न आहे.

नव्या धोरणात विद्यार्थ्याला मध्येच शिक्षण थांबविण्याची मुभा आहे: एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. ज्याला खरोखरच काही काळ नोकरी करून परत यावयाचे आहे त्याला ही सोय उपकारक ठरेल. परंतु ज्या घरात मुलीच्या शिक्षणाविषयी दर सत्राच्या अखेरीस नव्याने वाद होतो, तेथे ही सोय बापाच्या हातचे कारण बनेल. “एक सर्टिफिकेट मिळालं ना, मग आता पुरे झालं,” हे वाक्य मी कल्पनेने लिहीत नाही. पूर्वी ज्याला गळती म्हणत असू त्याला आता निर्गमन म्हणतात. घरी बसणाऱ्या मुलीच्या दृष्टीने फरक एवढाच की, तिच्या हातात एक कागद आहे.

आपल्यातील काही मित्र यावर एक उपाय सुचवतात. कंपनीतल्या कार्यप्रशिक्षणाला आणि क्षेत्रीय प्रकल्पाला जर श्रेयांक मिळतात, तर कापणीलाही द्यावेत. श्रमप्रतिष्ठेचा हाच खरा अर्थ. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ या परंपरेचा दाखलाही ते देतात. या सूचनेमागील भावना मला समजते, पण मी तिच्याशी सहमत नाही. कर्मवीरांच्या वसतिगृहातील मुलगा श्रम करी तो शिक्षण मिळावे म्हणून, आणि त्या श्रमाच्या बदल्यात त्याला निवारा, अन्न आणि अभ्यासाची जागा मिळे. भात कापणाऱ्या मुलीला यांतले काही मिळत नाही. कापणीला गुण दिले तर विद्यापीठाचा ताळेबंद जुळेल, तिचा दिवस तेवढाच लांब राहील. तिला हवी आहे ती वाचावयास मोकळी संध्याकाळ. श्रमाचा गौरव करण्याच्या उत्साहात आपण तिच्यावरच्या ओझ्यालाच पदक देऊ नये.

मग करावयाचे काय? पहिली मागणी विद्यापीठाकडे. भातपट्ट्यातील महाविद्यालयांसाठी प्रकल्प आणि अंतर्गत चाचण्या यांच्या तारखा कापणीपूर्वी संपवाव्यात, आणि हुकलेल्या चाचणीला दुसरी संधी हा विद्यार्थ्याचा हक्क मानावा. शिक्षकाच्या मेहेरबानीवर तो सोडू नये. लेखी परीक्षा साऱ्या विद्यापीठाची एकाच वेळी घ्यावी लागते, ही अडचण मी मान्य करतो. पण अंतर्गत मूल्यमापनाला ती लागू नाही. दुसरी मागणी, सत्राच्या शेवटच्या सहा आठवड्यांसाठी भोर, नसरापूर, विंझर आणि वेल्हे येथे मुलींसाठी तात्पुरती निवासाची व जेवणाची सोय. कायम वसतिगृहाची मागणी सोडावयाची नाही. पण ते बांधून होईपर्यंत मुलींच्या तीन-चार तुकड्या शिकून बाहेर पडतील वा घरी बसतील. तिसरी, महाविद्यालय सुटण्याच्या वेळेशी जुळणारी संध्याकाळची गाडी. चौथी आपल्याच हातातली: गावच्या ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या एका खोलीत रात्री दिवा, चार टेबले आणि देखरेखीला गावातील एक जाणती बाई. याला कोणाच्या शासननिर्णयाची गरज नाही.

आणि पाचवी गोष्ट कोणाकडेही मागावयाची नाही. आपले कार्यकर्ते कापणीत एकमेकांच्या शेतावर जातात; इरजिकीची परंपरा या भागाला नवी नाही. ज्या घरातली मुलगी परीक्षेला बसली आहे त्या घराच्या खाचरावर पहिल्यांदा जावे, असा नियम एखाद्या वाडीने केला तर काय बिघडेल? त्याच वेळी आपल्या स्वतःच्या घरात भाकरी कोण थापते आणि पाणी कोण भरते, हेही पाहावे. ८८ आणि २८९ या आकड्यांतील अंतर पुण्या-मुंबईत बसून कमी होणार नाही. त्यातला काही भाग आपल्याच अंगणातला आहे.

विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात. वेल्हे तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे अवघी ५४ हजारांच्या आसपास. पदवीधर त्याहून कितीतरी कमी, आणि त्यांपैकी मतदार म्हणून नोंदलेले आणखी कमी. ज्यांची नोंद नाही त्यांची कापणी वेळापत्रकात येत नाही. ही नोंदणी करून घेण्याचे काम कंटाळवाणे आहे, त्यात सभा नाही, घोषणा नाही. पण ते आपले आहे.

त्या मुलीने तिचे प्रकल्प वेळेवर दिले की नाही, मला ठाऊक नाही. मी तिचे नावही विचारले नव्हते. पुढच्या वर्षी त्या बांधावर दुसरी कोणी तरी वही ठेवील. शैक्षणिक दिनदर्शिका वर्ष सुरू होण्यापूर्वीच ठरते. तेव्हा बोलावयाचे असेल तर भात पेरण्यापूर्वी बोलले पाहिजे. कापणीला विळा हाती घेतल्यावर फार उशीर झालेला असतो.