पळसगावचा नाईक

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपल्याकडे दाराशी दक्षिणेकडे तोंड करून यमाचा दिवा लावतात. घरातल्या कुणाला अकाली मरण येऊ नये, एवढंच त्यामागचं मागणं. ज्या घरातला मुलगा फौजेत आहे, त्या घरी हा दिवा लावताना जोडलेले हात लवकर सुटत नाहीत. आणि ज्या घरी ते मरण येऊन गेलेलं असतं, तिथे त्या वर्षी कढई चढत नाही. फराळ शेजारून आणि नात्यातून येतो. दुःखातल्या घराला सणातून वगळायचं नाही, ही आपली रीत. तिला स्मरून यंदाच्या अंकाचं पहिलं पान आम्ही एका तरुण सैनिकासाठी ठेवलं आहे. त्याला जाऊन ऐंशीहून अधिक वर्षं झाली.

यशवंत घाडगे हा माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. मराठा लाइट इन्फन्ट्रीत तो नाईक होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्याची कंपनी जर्मनांच्या भक्कम ठाण्यावर चालून गेली. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि त्याच्या हाताखालच्या तुकडीतले सगळे जण मेले किंवा जखमी झाले. एकटा यशवंत उभा राहिला. टॉमीगन झाडत तो थेट त्या मोर्चावर धावला. हातबाँब टाकून त्याने मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गप्प केले. आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याच्या घावांनी संपवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत शिरल्या. जो मोर्चा त्याने एकट्याने जिंकला, त्यातच त्याने प्राण सोडला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्याच्या तरुण विधवेच्या हाती आला. इटलीच्या मोहिमेत हा सन्मान मिळालेले वीस जण होते. त्यांतले सहा भारतीय सैन्याचे आणि त्या सहांत दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीचे: यशवंत आणि अहमदनगरकडचे नामदेव जाधव. जाधव परत आले. यशवंत आला नाही.

शौर्यपदकाच्या मानपत्रात हे सगळं आहे. पण मानपत्रात माणसाची शेवटची काही मिनिटंच मावतात. ती लिहिणाऱ्याला ना त्याचं घर ठाऊक, ना शेत, ना त्याची बायको कुठल्या गावची. आणि त्या मानपत्रात नाव एकट्या यशवंताचं आहे. त्याच्यासोबत पडलेली त्याच्या तुकडीतली मुलं ‘सर्व जण’ या दोन शब्दांत आटोपली. समोरच्या मोर्चातले जर्मनही कुणाचे तरी मुलगेच होते. शूराचं कौतुक करताना युद्धाने दोन्हीकडून काय नेलं हे विसरायला झालं, तर ते कौतुक आपल्यालाच कोडगं करत जातं.

इथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. यशवंत कुणासाठी लढला? ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या कुणालाही न विचारता भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. १९४४च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांनी कैदेतच देह ठेवला. साताऱ्याच्या गावांतून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. तिकडे इंफाळच्या पावसात आझाद हिंद सेनेचे जवान उपासमारीशी आणि तापाशी झुंजत माघारी येत होते. आणि त्याच जुलैत पळसगावचा यशवंत इंग्रजांच्या फौजेतून हिटलरच्या सैन्याशी लढत होता. ही सगळी एकाच देशाची लेकरं होती.

स्वातंत्र्य मिळाल्यावर स्वातंत्र्याची कहाणी सांगताना आपण पहिल्या तिघांना जागा दिली, आणि ती दिलीच पाहिजे होती. चौथ्याला मात्र कुठे बसवावं हे कुणाला उमगेना, म्हणून तो बाहेरच राहिला. दुसऱ्या महायुद्धात भारतातून सुमारे पंचवीस लाख माणसं फौजेत गेली, सुमारे ८७,००० परतली नाहीत. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्यांच्यासाठी क्वचितच एखादा परिच्छेद खर्च केला. आमचं म्हणणं स्पष्ट आहे. हे युद्ध कुणाचं होतं, हा जाब साम्राज्याला विचारायचा. बावीस वर्षांच्या नाइकाला नव्हे. कोकणातल्या तुटपुंज्या शेतीला मुंबईची गिरणी आणि पलटण हे दोनच आधार असताना जो पोरगा पलटणीत गेला, त्याची निष्ठा आज आरामात बसून तपासण्याचा हक्क आपल्याला नाही. त्याने सोबत्यांना सोडलं नाही, एवढी निष्ठा आपल्याला पुरेशी वाटली पाहिजे.

माणगावने त्याला जपलं; तहसील कार्यालयासमोर त्याचा पुतळा आहे. इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर, ज्यांच्या समाधीचा पत्ता नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांमध्ये त्याचं नाव कोरलेलं आहे. आणि २०२३च्या जुलैत टायबरच्या खोऱ्यातल्या मोन्तोने या छोट्या गावाने त्याच्या नावाने एक सौरघड्याळ उभारलं. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं वचन त्यावर आहे. ज्यांच्या गावांसाठी ती लढाई झाली, त्या लोकांनी जवळजवळ ऐंशी वर्षांनी एका कोकणी तरुणाची आठवण ठेवली. आपल्या राज्यातल्या किती शाळांत ती सांगितली जाते?

विसर पडलेला यशवंत एकटाच नाही. कोकणात आणि साताऱ्याकडे जुन्या गावांतून पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आजही दिसतात. गावातून किती जण लढाईला गेले आणि किती कामी आले, एवढंच त्यांवर लिहिलेलं असतं. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धात कामी आले. गावाचं नावच पुढे अपशिंगे मिलिटरी पडलं. इंग्रजांनी पाटीवर आकडा कोरला, नावं कोरली नाहीत. ते काम आपलं होतं आणि आपणही केलं नाही. पुढे १९६२, १९६५, १९७१, कारगिल. मुलगा गमावलेली घरं वाढत गेली. सव्वीस जानेवारीला आपण वीरमाता आणि वीरपत्नींना व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देतो आणि पुढच्या वर्षीपर्यंत त्यांच्या दारात फिरकत नाही. त्यांना शाल नको असते असं नाही. पण आपला मुलगा कसा हसायचा, काय खायचा, रजेवर आला की आधी कुणाकडे जायचा, हे ऐकून घेणारं माणूस त्यांना अधिक हवं असतं.

म्हणून वाचकहो, या दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा एक काम करा. गावात अशी पाटी असेल तर ती वाचा आणि त्या आकड्यातली माणसं कोण होती ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा. माळ्यावरच्या ट्रंकेत पेन्शनचा कागद, मनीऑर्डरची पावती, गणवेशातला पिवळा पडलेला फोटो सापडेल. तो जपा. ज्यांचं नाव कळेल, त्यांचं घर, वय, पलटण, जे जे हाती लागेल ते लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या वर्षापासून या अंकाची काही पानं आम्ही त्या नावांसाठी राखून ठेवणार आहोत, आणि जोवर नावं येत राहतील तोवर ती पानं चालू राहतील.

सीमेवर आज पहाऱ्यावर असलेला प्रत्येक मुलगा आणि मुलगी सुखरूप घरी परतो, आणि त्यांना तिथे धाडावं लागणार नाही असा काळ आणण्याची बुद्धी राज्यकर्त्यांना मिळो, ही प्रार्थना.

— संपादक