ऊन हेच झाडाचं पहिलं औषध

गॅलरीत चार कुंड्या ठेवणारीची एक तक्रार हमखास असते. "कढीपत्त्यावर मावा पडलाय, जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागलाय, कोणतं औषध मारू?" माझं म्हणणं असं, की औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी त्या कुंडीवर ऊन किती तास पडतं ते घड्याळ लावून पाहा. सकाळी विषारी औषध फवारायचं आणि संध्याकाळी तीच पानं फोडणीत टाकायची, हे घरात लहान मुलं असताना तरी कसं परवडेल?

ऊन म्हणजे झाडाचं जेवण, हे आपण शाळेत शिकलोच. पण प्रकाशावर त्याची प्रतिकारशक्तीही अवलंबून असते, बरं का! कीड पानं कुरतडू लागली की झाड आपल्या अंगात जास्मोनिक आम्ल तयार करतं. कीड रोखणारी कडवट, तिखट द्रव्यं त्याच्या इशाऱ्यावर बनतात. याच घराण्यातलं एक द्रव्य १९६२ साली जाई-चमेलीच्या तेलात सापडलं, म्हणून हे नाव. रोगजंतूंशी लढताना सॅलिसिलिक आम्ल कामी येतं, म्हणजे आपल्या अ‍ॅस्पिरिनचं भावंडच!

आता कुंड्या दाटीवाटीनं ठेवल्या की काय होतं पाहा. वरच्या पानांतून गाळून आलेल्या प्रकाशात लाल किरण कमी उरतात. पानांमधलं फायटोक्रोम हे द्रव्य ते ओळखतं आणि झाड समजतं, "शेजारी माझं ऊन अडवतोय." मग असेल नसेल ती शक्ती उंच वाढण्यात जाते. देठ लांबतात, पानं पातळ होतात आणि संरक्षणाचा खर्च आखडता घेतला जातो. तंगीत आपणही आधी रेशन भरतो, दाराचं नवं कुलूप राहूनच जातं, तसंच हे. अशा कोवळ्या, लुसलुशीत झाडावर मावा पटकन बसतो. सावली आणि दमट हवा असली की भुरीही येते.

म्हणून ऊन दिसलं की कुंडी लगेच रखरखीत उन्हात नेऊ नका. सावलीत वाढलेल्या पानाला इतका प्रकाश पचवता येत नाही; पान पांढुरकं पडून करपतं. आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते ना? तो तांबडा रंग त्या नाजूक पानाला प्रखर उन्हापासून जपतो. आपल्या कुंडीलाही अशी तयारी करायला वेळ द्या. पहिले दोन दिवस सकाळचं तासभर ऊन, मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण ऊन. काचेच्या खिडकीआड वाढलेल्या रोपांना तर जास्तच सांभाळा. काच अतिनील किरणांचा बराच भाग अडवते, त्यामुळे त्यांना तोंड देण्याची त्या पानांना सवयच नसते.

काळोखही तितकाच हवा. झाडाला दिवस-रात्रीचं घड्याळ असतं. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की कापून आणलेल्या कोबीतही हे घड्याळ चालू राहतं! कोबी आणि अळ्या यांचे दिवस-रात्र एकाच वेळी ठेवले, तेव्हा अळ्यांनी कोबी कमी खाल्ला. वेळा उलट्या केल्या, तर जास्त फस्त केला. खाण्याच्या वेळेला कोबी सज्ज होता, एवढाच फरक. तेव्हा कुंड्यांवर रात्रभर दिवा जळत ठेवू नका.

आता हिशेब असा ठेवा. तुळस, मिरची, मोगरा, जास्वंद यांना पाच-सहा तास ऊन हवं. पुदिना, ओव्याचं पान यांचं दोन-तीन तासांवरही भागतं. दुपारी कुंडीवर हात धरा. सावली ठसठशीत पडली तर प्रकाश भरपूर, पुसट पडली तर बेताचा. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा, दर आठवड्याला त्या थोड्या फिरवा. दक्षिणेकडच्या गॅलरीत थंडीत ऊन आत येतं, पावसाळ्यात मात्र ढगांमुळे सगळीकडेच उजेड कमी. तेव्हा पाणी बेतानं घाला, खताचा मारा नको.

इतकं करूनही कीड आलीच, तर आधी पाण्याच्या धारेनं धुऊन काढा. मग एक लिटर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि किंचित साबण घालून संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारलंत तर पानं भाजतील. कढीपत्ता स्वयंपाकात घेताना स्वच्छ धुऊनच घ्या.

आणि समोर इमारत उठून ऊन कायमचं गेलं असेल, तर मिरचीचा हट्ट सोडा, तिथे पुदिना लावा. आजारी मिरचीवर दर महिन्याला औषध मारण्यापेक्षा चटणीपुरता हिरवागार पुदिना केव्हाही बरा, नाही का?